सुपरहिरोंच्या हातातली बंदूक : एक (अ)तांत्रिक अभ्यास

मागच्या सेमिस्टरला सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या विंगमध्ये एक जोरदार भांडण झालं. मुद्दा असा होता की बॅटमॅन आणि पनिशर यांच्यात खरा हिरो कोण. जर्नल लिहायची सोडून अकरा जण दीड तास भांडत होते. आवाज ऐकून रेक्टर सर वर आले. त्यांना वाटलं पोरांची मारामारी चाललीय. कोणीतरी धीर करून सांगितलं, "सर, पनिशरवरून चाललंय." सरांनी शांतपणे विचारलं, "हा पनिशर कोण? कुठल्या ब्रँचचा?"

मी त्या रात्री पनिशरच्या बाजूने होतो. नुसता बाजूने नव्हतो, अंगात त्याचा टी-शर्टच होता. काळा, छातीवर भली मोठी पांढरी कवटी. पुण्यात फर्ग्युसन रोडवर घासाघीस करून दोनशेला घेतलेला. त्यानंतर सुट्टीत घरी गेलो आणि त्या टी-शर्टवरून आणखी एक बोलणं झालं, ते पुढे येईलच. पण त्यामुळे मी या विषयाचा जरा अभ्यास केला, एवढं आत्ता सांगून ठेवतो. विषय असा की, ज्या सुपरहिरोंच्या हातात बंदूक आहे ते बाकीच्या सुपरहिरोंपेक्षा नेमके वेगळे कशात? आणि ज्यांनी ती नाकारली, त्यांनी का नाकारली?

ज्यांना कॉमिक्सची आवड नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. मध्ये थोडं एफ.ई.चं मेकॅनिक्स आहे, तेवढं सोसून घ्या.

वेताळ आणि फिटिंगचा जॉब

सुरुवात घरच्या माणसापासून करू. माझ्या मामाकडे पत्र्याच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा आहे. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ च्या मार्चमध्ये हे प्रकाशन सुरू केलं आणि ते १९९० पर्यंत चाललं. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि इतरही भाषांत अंक निघायचे. मराठीत फँटमचं नाव 'वेताळ'. मामाच्या पिढीला फँटम म्हटलं तर क्षणभर विचार करावा लागतो, वेताळ म्हटलं की डोळे चमकतात.

ली फॉक या लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ ला अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात वेताळाची चित्रमालिका सुरू केली. म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा ही सुपरहिरोंची वर्दी त्याच्यापासून रूढ झाली असं मानतात. त्याच्याकडे जादू नाही, उडता येत नाही. १५३६ साली पहिल्या वेताळाने आपल्या बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि बापामागून मुलगा असं करत आताचा एकविसावा. जंगलातल्या लोकांना वाटतं हा अमर आहे. मूळ मालिकेतल्या देशाचं नाव बंगालशी फार जुळत होतं म्हणून आपल्याकडे ते बदलून डेंकाली केलं होतं, ही मामाने पुरवलेली माहिती.

आणि कमरेला दोन पिस्तुलं.

आता गंमत बघा. वेताळ गोळ्या झाडतो, पण माणूस सहसा मरत नाही. गोळी लागते ती बदमाशाच्या हातातल्या पिस्तुलाला. पिस्तूल उडून पडतं, बदमाश हात झटकत "आई गं!" करतो, मग जबड्यावर ठोसा बसतो आणि कवटीची खूण कायमची उमटते. लहानपणी मला यात काही खटकलं नाही. या दिवाळीत पुन्हा वाचताना खटकलं, कारण तोपर्यंत वर्कशॉपला दोन सेमिस्टर घासून झालं होतं.

गणित करू. वेताळाची पिस्तुलं .४५ ची धरू. गोळीचं वजन साधारण १५ ग्रॅम, वेग साधारण २५० मीटर प्रति सेकंद. म्हणजे ऊर्जा सुमारे ४७० ज्यूल. समोरच्याचं पिस्तूल एक किलोचं. गोळी त्याला लागून तिथेच थांबली असं समजा. संवेग अक्षय्य राहतो, म्हणून पिस्तुलाला वेग मिळतो सुमारे ३.७ मीटर प्रति सेकंद, आणि त्याची गतिज ऊर्जा येते जेमतेम ७ ज्यूल. मग उरलेले ४६० ज्यूल गेले कुठे? शिसं चेपण्यात, फाटण्यात, तापण्यात आणि तुकडे होऊन चारी दिशांना उडण्यात. म्हणजे ९८ टक्क्यांहून जास्त ऊर्जा त्या बदमाशाच्या बोटांपासून दोन इंचांवर मोकळी झाली. तो नुसता हात झटकणार नाही.

हे झालं गोळी लागल्यावरचं. लागण्याआधीचं तर आणखी अवघड. अंतर वीस मीटर घ्या. हाताला न लागता पिस्तुलालाच लागायची तर नेम दोन सेंटिमीटर इकडेतिकडे एवढाच चुकला पाहिजे. या जातीच्या पिस्तुलावर मागची खाच आणि पुढची माशी यांत अंतर असतं सुमारे १६५ मिलिमीटर. समरूप त्रिकोण लावा. माशी खाचेच्या मध्यापासून ०.१६ मिलिमीटर सरकली की वीस मीटरवर गोळी दोन सेंटिमीटर चुकली. शून्य पूर्णांक सोळा! व्हाइसमध्ये घट्ट आवळलेल्या एम.एस. फ्लॅटला, पुढ्यात व्हर्निअर ठेवून, दोन तास घासल्यावरसुद्धा आमच्यातल्या निम्म्या जणांचा जॉब एवढ्यात बसत नव्हता. आणि हा गडी घोड्यावर बसून, घोडा पळत असताना, दोन्ही हातांनी हे करतो. सरांनी याला वर्कशॉपला पैकीच्या पैकी दिले असते.

मला वेताळाची चेष्टा करायची नाही. तो माझा आवडता आहे. पण यातून एक गोष्ट कळली. वेताळाला काही शक्ती नाही असं आपण म्हणतो, पण खरी शक्ती लेखकाने त्याला गुपचूप दिलेली आहे. त्याचा नेम चुकत नाही.

हीच सोय लोन रेंजरला होती. १९३३ साली डेट्रॉईटच्या रेडिओवर सुरू झालेला हा मुखवट्यातला घोडेस्वार चांदीच्या गोळ्या वापरायचा, आणि लिहिणाऱ्यांनी ठरवूनच ठेवलं होतं की तो समोरच्याला निःशस्त्र करण्यापुरताच गोळी झाडेल. 'ट्रायगन' ही जपानी मालिका पाहणारे आमच्या मजल्यावर बरेच आहेत, त्यांना व्हॅश माहीत असेल. कोणाचा जीव जाऊ नये म्हणून आटापिटा करणारा बंदूकबाज. ग्रीन हॉर्नेटने तर बंदूकच बदलली. त्याच्या बंदुकीतून गॅस निघतो, माणूस नुसता झोपतो. म्हणजे हिरोच्या हातात बंदूक हवी, पण बंदुकीचा परिणाम नको, अशी ही सगळी तारेवरची कसरत.

बॅटमॅनकडे बंदूक होती

हे वाक्य मी विंगमध्ये म्हटलं तेव्हा माझ्यावर उशा फेकल्या गेल्या. पण खरं आहे.

बॅटमॅनच्या आधी 'द शॅडो' होता. १९३१ पासून स्वस्त कागदावरच्या मासिकात वॉल्टर गिब्सन त्याच्या कथा लिहीत असे. काळी हॅट, काळा झगा, दोन्ही हातांत .४५ ची ऑटोमॅटिक पिस्तुलं, आणि तो बेधडक माणसं मारायचा. १९३९ च्या मे महिन्याच्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात बॅटमॅन आला, तो बराचसा या शॅडोच्या सावलीतच वाढलेला. चित्रं बॉब केनची, लेखन बिल फिंगरचं. (फिंगरचं नाव कितीतरी वर्षं छापलंच जात नव्हतं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये ज्याने सगळं काम केलं त्याचं नाव रिपोर्टवरून गायब व्हावं, तसलाच प्रकार.) त्या पहिल्याच कथेत बॅटमॅनच्या ठोशाने एक गुन्हेगार ॲसिडच्या टाकीत पडतो आणि बॅटमॅनला त्याचं फारसं काही वाटत नाही. ३२ व्या अंकात तो शवपेटीत झोपलेल्या रक्तपिपासूंना पिस्तुलाने चांदीच्या गोळ्या घालतो. १९४० च्या 'बॅटमॅन' अंक १ मध्ये तो आपल्या विमानावरच्या मशीनगनने एका ट्रकवर गोळ्या झाडतो.

आता तारखा नीट बघा, कारण इथेच मला हवा तो मुद्दा सापडला. आपल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट, म्हणजे गल्लीत एक चोर पिस्तुलाने लहान ब्रूसच्या आईवडलांना मारतो, ती आली ३३ व्या अंकात, नोव्हेंबर १९३९ मध्ये. मशीनगन आली त्यानंतर, १९४० मध्ये. म्हणजे आईबाप गोळीने मेले हे वाचकांना सांगून झाल्यावरही बॅटमॅन गोळ्या झाडत होता. 'आईबाप गोळीने मेले म्हणून तो बंदुकीला हात लावत नाही' हे कारण नंतर जोडलेलं आहे. नियम आधी झाला, आणि तो झाला ऑफिसात. संपादक व्हिटनी एल्सवर्थने फिंगरला झापलं की यापुढे याच्या हातात बंदूक नको आणि याने कोणाला मारायचं नाही. तोवर रॉबिन आला होता, पोरं अंक विकत घेत होती, आणि पोरांच्या आया अंक चाळत होत्या.

नियम धंद्यासाठी झाला हे कळल्यावर मला आधी आनंद झाला. बॅटमॅनवाल्यांना सुनावायला बरं. पण नंतर लक्षात आलं की नियम कुठूनही आलेला असो, पुढच्या ऐंशी वर्षांतल्या लेखकांना त्यातून जेवढं मिळालं तेवढं बंदुकीतून मिळालं नसतं. बंदूक नाही म्हटल्यावर दोरी आली, धूर आला, अंधार आला, भीती आली. गोळी एका चौकटीत काम संपवते. दोरी घेऊन गच्चीवरून उतरायचं तर सहा चौकटी लागतात, आणि वाचक त्या सहा चौकटींसाठीच पैसे देतो.

या नियमावरची सर्वात चांगली गोष्ट मला विचाराल तर ती एका कार्टूनमध्ये आहे. 'बॅटमॅन बियाँड', १९९९. पहिल्याच भागात ब्रूस वेन म्हातारा झालाय. अपहरण झालेल्या मुलीला सोडवायला जातो, मारामारीत छातीत कळ येते, हात चालेनात, समोरचा गुंड लोखंडी दांडा घेऊन अंगावर येतोय. आणि जमिनीवर पडलेलं पिस्तूल हा उचलतो. झाडत नाही. नुसतं रोखतो. गुंड पळून जातो, मुलगी वाचते, सगळं ठीक होतं. आणि हा माणूस त्याच रात्री गुहेतले दिवे मालवून काम कायमचं बंद करतो. लहानपणी मला कळलंच नव्हतं की हा एवढा का खचला. कोणाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

बाकी १९८९ च्या सिनेमात त्याच्या विमानाला मशीनगन आहेत, २००९ मध्ये 'फायनल क्रायसिस'मध्ये तो डार्कसाइडवर गोळी झाडतो, २०१६ च्या सिनेमात तर तो सर्रास माणसं मारतो. नियम मोडायलाच असतो म्हणतात. आपल्या हॉस्टेलचं रजिस्टर साक्षीला आहे.

एक अपवाद मुद्दाम सांगतो. १९९३ मध्ये डीसीने 'सिडक्शन ऑफ द गन' नावाचा बॅटमॅनचा खास अंक काढला. लेखक जॉन ऑस्ट्रँडर. डीसीची मालक कंपनी वॉर्नर, तिथल्या एका अधिकाऱ्याचा तरुण मुलगा १९९० मध्ये न्यूयॉर्कला गोळीबारात मेला होता, त्याच्या आठवणीत हा अंक निघाला. शहरातल्या बंदुका व्हर्जिनिया राज्यातून कशा येतात हे त्यात दाखवलंय. त्याच वर्षी व्हर्जिनियाने एका माणसाला महिन्याला एकच हँडगन विकत घेता येईल असा कायदा केला. कायद्याचं श्रेय कॉमिकला देणं जास्तच होईल. तो कायदा २०१२ ला रद्द झाला आणि २०२० ला परत आला. नावातली खोचही बघण्यासारखी आहे. १९५४ साली फ्रेडरिक वर्टहॅम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे पोरं बिघडतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं होतं, 'सिडक्शन ऑफ द इनोसंट'. त्यानंतर प्रकाशकांनी घाबरून स्वतःच स्वतःवर नियमावली लादून घेतली. त्यात विनाकारण चाकू-बंदूक नको हेही होतं. पुढे २०१२ मध्ये एका संशोधिकेने वर्टहॅमची जुनी कागदपत्रं तपासली तर साहेबांनी आपल्या रुग्णांच्या माहितीत फेरफार केलेले निघाले. रीडिंग आधी लिहून मग प्रयोग करणारे फक्त आपल्याच लॅबमध्ये नसतात.

कवटी

फेब्रुवारी १९७४ च्या 'अमेझिंग स्पायडरमॅन' अंक १२९ मध्ये पनिशर आला. लेखक गेरी कॉन्वे, चित्रं रॉस अँड्रूची. पोशाख थोरल्या जॉन रोमिटाचा. कॉन्वेने छातीवर छोटीशी कवटी काढून दिली होती, रोमिटाने ती पूर्ण छाती-पोटभर पसरली आणि दात थेट कमरेपर्यंत आणले. फ्रँक कॅसल, व्हिएतनामहून परतलेला सैनिक. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बायकोमुलं टोळीवाल्यांच्या गोळीबारात मेली. आता हा टोळीवाल्यांना मारतो. पकडत नाही, जबड्यावर खूण उमटवून सोडत नाही. मारतो.

मला तो का आवडायचा हे प्रामाणिकपणे सांगतो. बॅटमॅन जोकरला पकडतो, जोकर सुटतो, आणखी माणसं मरतात, बॅटमॅन पुन्हा पकडतो. हा लूप कोणीतरी तोडायला नको का? पनिशर ब्रेक लावतो. पेपर उघडला की कोर्टात पंधरा-पंधरा वर्षं चालणाऱ्या केसेस दिसतात, आणि मनात येतंच की एखादा पनिशर हवा होता. हे ज्याच्या मनात कधीच आलं नाही त्याने हात वर करावा. आपल्याकडच्या राज कॉमिक्सचा डोगा याच भावनेवर उभा आहे. मुंबईचा, कचऱ्यात सापडलेला पोरगा, एका डाकूने वाढवलेला. कुत्र्याचा मुखवटा, हातात बंदुका, आणि समस्या मुळापासून उपटायची भाषा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा 'कर्फ्यू' आला आणि हिंदी कॉमिक्स वाचणारी पोरं वेडी झाली. त्याच कंपनीचा सुपर कमांडो ध्रुव याच्या बरोबर उलट. सर्कशीतला पोरगा, शक्ती शून्य, बंदूक नाही, पट्ट्यात स्टारलाइनची दोरी आणि डोक्यात अकरावी-बारावीचं सायन्स. आमच्या विंगमधला एक नागपूरकर अजून म्हणतो की तो इंजिनिअरिंगला आला तो ध्रुवमुळे. डोगामुळे कोण कुठे गेलं, कोणी सांगत नाही.

पण पनिशरचा तो पहिला अंक मिळवून वाचला आणि माझी पंचाईत झाली. त्या अंकात पनिशर कोणाला मारायला निघालाय? स्पायडरमॅनला. का? तर जॅकल नावाच्या बदमाशाने त्याला पटवलंय की स्पायडरमॅनने नॉर्मन ऑस्बॉर्नचा खून केलाय. पेपरांतही तसंच छापून आलंय. आपल्याला माहीत असतं की हे खोटं आहे. म्हणजे ज्या अंकात हा 'दोषी माणसाला शिक्षा देणारा' जन्माला आला, त्याच अंकात त्याने माणूस चुकीचा निवडला होता. स्पायडरमॅन चपळ होता म्हणून वाचला. दुसरा कोणी असता तर?

पुढे पनिशरची स्वतःची मालिका आली, १९९० च्या आसपास तर महिन्याला त्याची तीन-तीन पुस्तकं निघायची. आणि त्यात तो हळूहळू चुकायचा थांबला. आता ज्याला गोळी लागते तो दोषीच असतो, कारण मागच्याच पानावर लेखकाने त्याला लहान पोराला मारताना दाखवलेलं असतं. वेताळाला लेखकाने न चुकणारा नेम दिला. पनिशरला आणि डोगाला त्याहून मोठी भेट दिली, न चुकणारा निवाडा. सुपरमॅनचं उडणं बघून आपण म्हणतो, हे काय शक्य आहे! हे मात्र आपण शक्य धरून चालतो.

ब्रिटिशांचा जज ड्रेड (१९७७, जॉन वॅग्नर आणि कार्लोस एझ्क्वेरा) याबाबतीत जास्त चलाख. त्याची 'लॉगिव्हर' बंदूक ई अँड टीसीवाल्यांना आवडेल. सहा प्रकारच्या गोळ्या, आणि मूठ धरणाऱ्याचा तळहात ओळखते. दुसऱ्या कोणी चालवायचा प्रयत्न केला तर त्याच्याच हातात फुटते. पण ती फक्त धरणाऱ्याला ओळखते, समोरच्याला नाही. तिथे पोलीस, न्यायाधीश आणि जल्लाद एकच माणूस आहे, आणि लेखकाला ते भयंकर वाटतं हे पानापानावर जाणवतं.

पनिशरची कवटी मात्र पुस्तकातून बाहेर पडली. इराकमध्ये अमेरिकन सैनिकांनी ती गाड्यांवर, चिलखतांवर रंगवली. पुढे तिकडच्या काही पोलिसांच्या गाड्यांवर ती दिसू लागली. ज्याने ती जन्माला घातली तो कॉन्वे जाहीरपणे म्हणू लागला की कायद्याच्या माणसाने हे चिन्ह लावणं मला अस्वस्थ करतं, कारण पनिशर म्हणजे कायदा हरल्याची खूण आहे. २०१९ च्या एका अंकात खुद्द पनिशरच पोलिसांच्या गाडीवरचं कवटीचं स्टिकर फाडतो आणि त्यांना सुनावतो की आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे बघा. २०२२ च्या मालिकेत मार्व्हलने कवटीचं चित्रच बदलून टाकलं.

आप्पा

आता घरचं बोलणं. हे आप्पांना विचारून लिहितोय.

माझे वडील फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि नंतर बारा वर्षं तालुक्याच्या एका बँकेत गनमॅन होते. बारा बोरची डबल बॅरल, स्वतःच्या लायसन्सची. लहानपणी मला त्याचा फार अभिमान होता. ते रोज रात्री ती पुसायचे, मी समोर बसून बघायचो. सुट्टीत मी कवटीचा टी-शर्ट घालून अंगणात आलो तेव्हा ते म्हणाले, "ह्ये काय रं?" मी उत्साहाने सगळी स्टोरी सांगितली. फौजी आहे म्हटल्यावर त्यांना आवडेल असं वाटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् माणूस चुकला तर?"

मी म्हटलं, "आप्पा, त्याचा चुकत नाही."

मग त्यांनी सांगितलं. बाजारचा दिवस होता. बँकेतून एक पोरगा रेक्झिनची पिशवी छातीशी धरून सुसाट पळत बाहेर आला. मागून म्हातारा ओरडत होता, "पळ, पळ! धर, धर!" बाहेरच्या लोकांनी ऐकलं आणि एकच गिल्ला केला, "चोर! चोर!" आप्पा दारात होते. त्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि पोराच्या पाठीवर धरली. दोन-तीन सेकंद. पोरगा रस्ता ओलांडून स्टँडकडे गेला, सुटलेल्या एस.टी.चा दांडा पकडला, आणि कंडक्टरला ओरडून गाडी थांबवली. मागून म्हातारा धापा टाकत येऊन गाडीत चढला. आजा-नातू होते. आजाची पेन्शन काढली होती, गावची शेवटची गाडी सुटत होती. म्हातारा पोराला सांगत होता, गाडी धर.

मी म्हटलं, "पण तुम्ही झाडली नाहीत ना."

ते म्हणाले, "लाईनीत शेंगावाली बसली हुती. छर्रा पसरतो. तिला लागला असता म्हणून थांबलो. पोराला वळखलं म्हणून न्हाई." थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ती त्या दिवशी बाजाराला आली नसती तर?"

त्यानंतर रिटायर होईपर्यंत सात वर्षं त्यांनी बंदूक रिकामी ठेवली. काडतुसं शर्टाच्या खिशात, वरून स्वेटर. नियमात ते बसत नव्हतं. बँकेत कोणाला माहीत नव्हतं, घरातही नाही. मी रोज रात्री जी बंदूक पुसताना बघायचो ती बहुतेक वर्षं रिकामीच ड्युटीवर जात होती. सकाळी मी मोबाईलवर 'बॅटमॅन बियाँड'चा तो पहिला भाग लावून त्यांच्यासमोर धरला. त्यांना इंग्रजी कळत नाही. म्हाताऱ्याने पिस्तूल रोखलं तिथे त्यांनी हातानेच थांब म्हणून खूण केली, आणि मागे जाऊन तेवढंच पुन्हा एकदा बघितलं.

विंगमधलं भांडण अजून मिटलेलं नाही. मी आता कोणाच्या बाजूने आहे हे विचारू नका, कारण डोगाचा नवा जुना कुठलाही अंक मिळाला तर मी तो अजूनही आधी वाचतो आणि मग जेवायला जातो. टी-शर्टही आहे. दोनशेचा माल असल्यामुळे चार धुण्यांतच कवटीचे खालचे दात निघून गेलेत.

मामाकडून वेताळाचे तेवीस मराठी अंक हॉस्टेलवर आणलेत. वाचायला हवे असतील तर रूमवर या, दाराच्या मागे वही टांगली आहे, त्यात नाव आणि तारीख लिहा. मेसमध्ये जेवताना वाचू नका. एका अंकाला आधीच रश्शाचा डाग पडलाय आणि मामाला ते अजून सांगितलेलं नाही.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी